‘जाते’ म्हणणाऱ्या काकू

सिंधूकाकू कुणाच्याही घरून निघताना ‘येते’ म्हणत नसत. बुटांत पाय सरकवत त्या स्पष्ट म्हणत, ‘जाते.’ आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हे घडे आणि दरवर्षी तितकाच धक्का बसे. हातात वाणाचे प्लॅस्टिकचे डबे घेतलेल्या पंधरा बायका एकदम गप्प होत. मग यजमानीणबाई हळूच म्हणत, “अहो सिंधूताई, असं बोलू नये. निदान ‘निघते’ तरी म्हणा.”

“निघते म्हणजे काय? निघून कुठे, परत कधी, काहीच कळत नाही,” कोटाची बटणं लावत काकू म्हणत. “मी जातेय. जाते. पुढच्या वर्षी बोलावलंत तर तेव्हाचं तेव्हा.”

आणि पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं असेच. काकूंच्या घटस्फोटाला तेव्हा वीस वर्षं होत आली होती, तरी असे. मंडळ पुरोगामी होतं म्हणून नव्हे. मंडळातल्या निम्म्या घरांचे ग्रीन कार्डचे फॉर्म काकूंनी टाइप केले होते, आणि टायपिस्टला हळदीकुंकू न लावण्याइतकं शास्त्र अमेरिकेत कुणाला परवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. हे क्रियापद त्यांनी स्वतः पास केलं असतं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटले ती १९८३च्या सप्टेंबरात, न्यूअर्कच्या विमानतळावर. मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून आले होते. बरोबर तीन वर्षांची मनू, दोन बॅगा आणि पुण्याहून आईने फोनवर सांगितलेला एक नंबर. काकू आईच्या शाळेतल्या मैत्रिणीची बहीण. म्हणजे माझ्या कुणीच नाहीत. मी नवऱ्याचं घर का सोडलं, हे इथे लिहिणार नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा घटस्फोटाचं कारण विचारत नाही. ‘जमत नाही’ एवढं त्याला पुरतं. वाचकांनीही तेवढंच सभ्य राहावं.

काकूही सभ्य राहिल्या. प्रवास कसा झाला, असंही त्यांनी विचारलं नाही. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर पुरुषी कोट, पायात बर्फाचे बूट, तेही सप्टेंबरात. पुढे येऊन त्यांनी हात पसरला. मला वाटलं, मनूला घ्यायला.

“बोर्डिंग पास कुठाय?”

“फेकणारच होते.”

“फेकायचा नाही. दे इकडे. पोरीचाही दे.” दोन्ही तुकडे त्यांनी पर्समधल्या पाकिटात घातले आणि पाकिटावर तारीख घातली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. तिथल्या सिस्टर्स अशाच आवाजात वह्या मागत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. दोन्ही एकच होतं म्हणा.

काकू आयसेलिनला, रेल्वे स्टेशनजवळच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर राहत. जवळच्याच गावातल्या एका वकिलाकडे त्या टायपिस्ट होत्या. तिथे त्यांना सगळे ‘सिंडी’ म्हणत. वकीलसाहेब लठ्ठ, प्रेमळ आणि विसराळू. कोर्टात ते उभे राहत आणि बोलायचं काय ते काकूंनी टाइप केलेल्या कागदावर असे. “साहेबांना कायदा येतो,” काकू म्हणत, “पण कुठे ठेवलाय ते मला माहीत असतं.”

घटस्फोटाच्या बाबतीत एकेक राज्य त्यांना सासरच्या माणसांसारखं ओळखीचं होतं. “न्यू यॉर्क म्हणजे चाळीतली शेजारीण. आधी नक्की काय झालं ते सगळं सांग, मग बघू. कॅलिफोर्निया म्हणजे कटकट नको म्हणणारा भाऊ. कारण विचारत नाही, सुरी आणतो आणि घराचे मधोमध दोन तुकडे करतो. आपलं न्यू जर्सी म्हणजे पंगतीतला वाढपी. कुणाच्या पानात किती वाढायचं ते त्याच्या मनावर.”

न्यू जर्सीत भांडणाचं कारण द्यायचं नसेल तर नवरा-बायकोने अठरा महिने वेगळं राहावं लागे, तेही वेगळ्या छपराखाली. मंडळातल्या एका जोडप्याने वरचा मजला तिचा, खालचा त्याचा, अशी वाटणी करून वर्ष काढलं आणि सल्ल्याला काकूंकडे आलं. काकूंनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. “जिन्यातून त्याच्या आमटीचा वास आला की तुमचे महिने पुन्हा पहिल्यापासून,” त्यांनी सांगितलं. ते दोघं अजून एकत्र आहेत. प्रेमापोटी की छपरापोटी, हे मंडळाला ठरवता आलेलं नाही.

माझं प्रकरण छपराचं नव्हतं. घटस्फोट माझ्या नवऱ्याला, शेखरला, कॅलिफोर्नियात हवा होता आणि तो मिळणारच होता. प्रश्न मनूचा होता. शेखरने फोनवर सांगितलं होतं, “तुला यायचं तर ये, नाहीतर राहा. मनू इथे वाढेल. आई येतेय पुण्याहून तिला सांभाळायला.” आवाज न चढवता. शेखर आवाज कधीच चढवत नसे. मीटिंगमध्ये तारीख ठरवावी तसा तो सगळं ठरवी.

तो फोन आला त्या रात्रीच्या जेवणाला काकूंनी मला कायदा समजावला. “मूल ज्या राज्यात सलग सहा महिने राहिलं, ते त्याचं होम स्टेट. त्याचा ताबा कुणाकडे, ते तिथलं कोर्ट ठरवतं. म्हणजे काय गं कॉन्व्हेंट?” (हे माझं नाव त्यांनी दुसऱ्याच दिवशी ठेवलं होतं.) “म्हणजे जिथे सहा महिने पोरीचं ताट मांडलं, ते तिचं माहेर.”

“आणि सहा महिन्यांच्या आत शेखर कोर्टात गेला तर?”

“तर माहेर कॅलिफोर्निया. तिथे त्याचं घर, त्याचे मित्र साक्षीला, त्याची आई आणि तू मोटेलात. म्हणून शांत राहायचं. हा वसा आहे. उतायचं नाही, मातायचं नाही आणि राज्याची हद्द ओलांडायची नाही.”

स्वयंपाकघरात इंडियन ग्रोसरीच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर गणपती. काकू रोज सकाळी चहा गाळण्यापूर्वी एका चौकोनावर लाल पेन्सिलीने फुली मारत. मनूला शेजारच्या राज्यातल्या प्राणिसंग्रहालयात न्यावं, असं मी एकदा सुचवलं. एका दिवसाने काही बिघडत नाही, असं खुद्द वकीलसाहेबांनी सांगितलं. “कायद्याला चालतं,” काकू म्हणाल्या, “मला चालत नाही. हत्ती पुढच्या वर्षीही असतील.” मनूने हत्ती कॅलेंडरवरच्या गणपतीत पाहिला.

मार्चमध्ये सहा महिने पूर्ण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता वकीलसाहेबांनी न्यू जर्सीच्या कोर्टात मनूच्या ताब्याचा अर्ज दिला. शेखरने त्याचा अर्ज कॅलिफोर्नियात दिला तो एप्रिलमध्ये. सातव्या महिन्यात आपल्याकडे डोहाळजेवण करतात. शेखरने दावा केला. इतके दिवस तो थांबला, कारण मी परत येणार याची त्याला खात्रीच होती. आणि त्या खात्रीला त्याच्याकडे लेखी पुरावा होता.

पुरावा म्हणजे निघताना मी फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली चिठ्ठी. मी आयुष्यभर इंग्रजीत लिहीत आले. वाण्याची यादीसुद्धा इंग्रजीत. पण त्या सकाळी इंग्रजीत लिहायला घेतलं आणि वाक्य टीव्हीवरच्या मालिकेतल्यासारखं वाटायला लागलं. तो कागद मी फाडला आणि मराठीत लिहिलं: ‘शेखर, मी आणि मनू येतो.’ घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नसतं, एवढं मराठी आईने मला शिकवलं होतं. नवरा सोडतानाही मी तेवढी शिस्त पाळली.

शेखरच्या अर्जाला त्या चिठ्ठीची प्रत जोडलेली होती आणि खाली त्याने स्वतः केलेलं भाषांतर: आम्ही परत येत आहोत. म्हणजे माय-लेकी पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. म्हणजे न्यू जर्सीतले सहा महिने राहणं नव्हतंच, मुक्काम होता. म्हणजे मनूचं माहेर फ्रीमाँट.

मी ते पान काकूंच्या टाइपरायटरशेजारी ठेवलं. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“अगं कॉन्व्हेंट,” त्या म्हणाल्या, “जन्मात एकदा मराठीत लिहिलंस आणि ते हे?”

मला न बोलण्याची सवय आहे आणि बहुतेक वेळा ती शहाणपणासारखी दिसते. त्या दिवशी नाही दिसली.

काकूंनी टाइपरायटरमध्ये नवा कागद घातला, कार्बन घातला आणि माझं उत्तर टाइप करायला लागल्या. टाइप करता करताच, मान वर न करता, त्या बोलल्या.

“माझी नीला पाच वर्षांची होती. तेव्हा घटस्फोटात कोर्टाने तिला माझ्याकडे दिलेलं. न्यू जर्सीच्या कोर्टाने, शिक्क्यासकट. महिन्यातून एक शनिवार तिच्या वडिलांचा. एका शनिवारी गाडीत बसताना काचेतून म्हणाली, ‘येते हं, आई.’ मी म्हटलं, ‘ये.’ ‘रेसिडेन्स’ला एस एक का दोन गं?”

“एक. मग शेवटी सी-ई.”

“हं. तर तो तिला घेऊन टेक्ससला गेला. तेव्हा हा सहा महिन्यांचा कायदा नव्हता. तिकडच्या जज्जाने तिकडचा नवा हुकूम दिला. माझा कागद तिथे चालेना; नुसती न्यू जर्सीची रद्दी. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले तर ते घर बदलून गेलेले.” त्यांनी एक चुकलेलं अक्षर पांढऱ्या शाईने पुसलं आणि त्यावर फुंकर घातली. “अठरा वर्षांची झाल्यावर तिने फोन केला. हॅलो मदर म्हणाली. आता तिकडे पश्चिमेला, बेलव्ह्यूला असते. मदर्स डेला फोन करते, चांगली आहे. मराठी अर्थात नाही. सही कर इथे.”

मी सही केली. त्यानंतर मी काकूंना ‘येते’ म्हणायचं सोडून दिलं. कामाला निघतानासुद्धा नुसती मान हलवत असे.

जूनमध्ये सुनावणी झाली. ठरायचं एवढंच होतं की मनूचा फैसला इथे की तिथे. शेखर स्वतः आला होता, निळा सूट, बरोबर भाड्याचा वकील. चिठ्ठी वाचायला कोर्टाने सरकारी यादीतून ‘इंडियन भाषे’चा दुभाषा मागवला होता. ते गृहस्थ दिल्लीचे निघाले. देवनागरी पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी शपथ घेतली, चिठ्ठी दोनदा वाचली आणि गंभीरपणे सांगितलं की ‘येतो’ म्हणजे ‘ये तो’, अर्थात ‘धिस, हाउएव्हर’. ‘आणि’ हे बहुधा कुणाचंतरी नाव असावं. पूर्ण वाक्य: शेखर, मी, आणी, मनू, हे मात्र. जज्जबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचे आभार मानले.

वकीलसाहेबांनी काकूंना साक्षीला उभं करायचा प्रयत्न केला. शेखरच्या वकिलाने हरकत घेतली: त्या साहेबांच्या नोकर, मी राहते त्यांच्या घरात, त्या काय वेगळं सांगणार? हरकत मान्य झाली. काकू मागच्या बाकावर जाऊन बसल्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

मग शेखर बोलला. शांतपणे, मुद्देसूद. ‘येणं’ या धातूचा अर्थ त्याने सांगितला. खोटं एक अक्षर बोलला नाही. शब्दकोशात बघा म्हणाला, आणि शब्दकोश त्याच्या बाजूने होता. मी माझ्या जागी बसून विचार करत होते की मला जर नीट मराठी येत असतं, तर काय लिहिलं असतं? उत्तर एकच येत होतं. हेच लिहिलं असतं.

जज्जबाई म्हणाल्या की आपण कॅलिफोर्नियाच्या न्यायाधीशांशी फोनवर बोलून जेवणानंतर निर्णय देऊ. शेखरची साक्ष संपली होती आणि त्याला विमान गाठायचं होतं. त्याने ब्रीफकेस उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही. पण मागच्या बाकापाशी आला आणि तिथे एक वयस्कर मराठी बाई बसलेल्या. शेखर चांगल्या घरातला. तो किंचित वाकला.

“येतो, काकू.”

काकू ताडकन उभ्या राहिल्या. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्या कोर्टात कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

“युअर ऑनर,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “हे गृहस्थ आता म्हणाले की ते येताहेत. कृपा करून विचारा, कधी? मला स्वयंपाक करावा लागेल.”

शेखरच्या वकिलाने हरकत घेतली, पण कशाला ते त्याला सांगता येईना. जज्जबाई अजून खुर्चीतच होत्या. त्यांनी शेखरला थांबवलं.

“तुम्ही या बाईंना काय म्हणालात?”

“काही नाही. म्हणजे, गुडबाय.”

“शब्द कोणता वापरलात?”

शेखरने ब्रीफकेस दुसऱ्या हातात घेतली. खाली बसलेल्या लघुलेखक मुलीने यंत्रावरून मान वर केली आणि मदत म्हणून सांगितलं, “मला वाय-ई-टी-ओ ऐकू आलं.” जज्जबाईंनी चिठ्ठीची प्रत उचलली. शेखरने स्वतःच त्या शब्दाखाली इंग्रजी अक्षरं लिहून ठेवली होती. वाय-ई-टी-ओ.

“तुम्ही या बाईंच्या घरी जाणार आहात?”

“नाही.”

“पुन्हा कधी?”

“नाही. ही फक्त... आमच्यात निघताना असं म्हणतात.”

“थँक यू,” जज्जबाई म्हणाल्या. “मला एवढंच हवं होतं.”

दुपारी दोन जज्जांचं फोनवर बोलणं झालं आणि मनूचं माहेर न्यू जर्सी ठरलं. संस्कार वाया जात नाहीत म्हणतात ते खरं आहे. शेखरला त्याच्या आईने मोठ्यांचा निरोप घ्यायला शिकवलं नसतं, तर मी आज फ्रीमाँटच्या एखाद्या मोटेलात असते. त्या बाईंचे माझ्यावर हे एकच उपकार, पण घसघशीत.

मला वाटलं होतं, काकू खूश होतील. त्या घरी आल्या, बूट काढले, कुकर लावला. “जिंकलीस म्हणून नाचू नको,” त्या म्हणाल्या. “मूल तुझ्याकडे राहील. पण दर उन्हाळ्यात सहा आठवडे त्याच्याकडे जाईल. कोर्ट ते देणारच आणि द्यायलाही हवं, बाप आहे तो. आता खरी परीक्षा.” तसंच झालं. अंतिम हुकूम आला तेव्हा काकूंनी त्याची शिक्क्याची प्रत आधीच कॅलिफोर्नियाच्या कोर्टात दाखल करवून घेतली. “यावेळी कागद दोन्हीकडे चालेल,” त्या म्हणाल्या. हे मला सांगत होत्या की वीस वर्षांपूर्वीच्या कुणाला, ते कळलं नाही.

पुढच्या जूनमध्ये आम्ही मनूला न्यूअर्कला घेऊन गेलो. ती पाच वर्षांची झाली होती. एकटीने प्रवास करणाऱ्या मुलांना गळ्यात एक मोठं कार्ड अडकवतात. काकूंनी त्यावरचा पत्ता तीनदा तपासला आणि एक चूक काढून हवाईसुंदरीकडून दुरुस्त करवून घेतली. मी काहीच करत नव्हते. मला फक्त एवढंच दिसत होतं की मनू पाच वर्षांची आहे.

“बाय, मम्मी! बाय, काकू!” मनू म्हणाली. तिला खिडकीची जागा मिळणार होती.

काकू गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकल्या. “बाय नाही,” त्या म्हणाल्या. “येते म्हण.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“व्हाय?”

“म्हण.”

“येटे,” मनू म्हणाली.

“ये,” काकू म्हणाल्या.

गाडी हमरस्त्याला लागली. मग मी म्हटलं, “काकू, तुम्ही...”

“समोर बघून ड्राइव्ह कर. कायद्याने करायचं ते सगळं केलंय. उरलेल्यासाठी काहीतरी म्हणायला लागतं.”

सहा आठवड्यांनी शेखरने मनूला वेळेवर परत पाठवलं. विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं, त्याबद्दल कोर्टाला कळवावं का, असं काकूंनी मला गंभीरपणे विचारलं. स्वतः मात्र त्या सगळ्यांना ‘जाते’च म्हणत राहिल्या. नियम फक्त मनूला बदलून मिळाला होता.

गेल्या जानेवारीत त्यांचे अंत्यविधी झाले त्याला मंडळ झाडून आलं होतं. ज्या बायकांना ‘जाते’ ऐकून धक्का बसायचा, त्या आता ‘काकू गेल्या, काकू गेल्या’ म्हणत रडत होत्या. नीला बेलव्ह्यूहून आली होती. काकूंसारखाच कोट, काकूंसारखीच पर्स धरायची पद्धत. सगळ्यांशी ती नीट, हळू इंग्रजीत बोलली. आईचं ते जुनं गणपतीचं कॅलेंडर हवंय का, असं मी विचारलं तेव्हा तिने ते गुंडाळून घेतलं आणि त्यावर लाल फुल्या कसल्या, हे विचारलं नाही.

विमानतळावर जायला टॅक्सी आली. नीलाने माझा हात हातात घेतला. “वेल, बाय देन,” ती म्हणाली.

“बाय नाही,” मनू म्हणाली. ती आता सात वर्षांची आहे आणि चुका दुरुस्त करण्यात काकूंवर गेली आहे. “यू हॅव टू से येटे.”

नीला थांबली. टॅक्सीच्या दारावर हात ठेवून ती मनूकडे बघत राहिली, कुणीतरी खूप लांबून हाक मारल्यासारखी.

“येते हं,” ती म्हणाली.

मनूचा ‘त’ अजून अमेरिकन आहे. नीलाचा नव्हता. स्वच्छ, दाताला जीभ लागलेला, पाच वर्षांच्या मुलीचा ‘त’ होता तो. आणि तो ‘हं’ तर तिला कुणी सांगितलाच नव्हता.

“ये,” मी म्हटलं. कुणीतरी म्हणायला हवं होतं.